सूतभरचा सगळ्यात चांगला मास्क

त्याला सगळे सूतभर म्हणत. सूत म्हणजे सुताराचं माप, इंचाचा आठवा भाग, साधारण तीन मिलिमीटर. बाप सुतार होता, आणि दुकानात ‘सूतभर इकडे घे’, ‘सूतभर तिकडे सरकव’ याखेरीज बापलेकांत फारसं संभाषण होत नसे. मुलगा तीच भाषा घेऊन मोठा झाला. पुढे तो रेडिओथेरपी विभागात टेक्नॉलॉजिस्ट म्हणून लागला, तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की इथे सूतभर चुकणं म्हणजे भलतीकडेच जाणं. मेंदूतल्या गाठीला किरण द्यायचे तर एका मिलिमीटरच्या आत राहावं लागतं. इतकं ढिलं माप शिकवल्याबद्दल तो बापावर बरीच वर्षं नाराज होता.

विभाग तळघरात होता. भिंती जाड, दार बँकेच्या तिजोरीसारखं, आणि बाहेर वाट पाहणाऱ्यांसाठी निळ्या खुर्च्यांची एक रांग. सूतभरचं खास काम मास्क करण्याचं. प्लास्टिकची पांढरी जाळीदार शीट गरम पाण्याच्या टबात टाकली की ओल्या कापडासारखी मऊ होते. ती दोघांनी दोन बाजूंनी धरायची, रुग्णाच्या चेहऱ्यावर ओढून पलंगाच्या चौकटीत अडकवायची, आणि निवेपर्यंत कपाळ, नाकाचा दांडा, गालांची हाडं, हनुवटी बोटांनी दाबत राहायचं. निवली की ती कडक होते आणि माणसाचं तोंड त्यात छापलं जातं. इतर ठिकाणी मुखवटा चेहरा लपवायला घालतात. इथे चेहरा कुठे जाऊ नये म्हणून घालतात.

त्या मास्कमध्येच स्कॅन होतो, स्कॅनवरून किरणांचा आराखडा बेतला जातो, आणि मग दर शेकाला डोकं त्याच मास्कमध्ये तसंच्या तसं बसावं लागतं. रुग्ण या प्रकाराला शेकच म्हणतात. शेकाआधी मशीन डोक्याचा फोटो घेतं, आराखड्याच्या फोटोवर ठेवून बघतं, आणि थोडा फरक असला तर पलंगच सरकतो, कलतो. फरक जास्त असला तर पुढचं माणसं ठरवतात. मशीन कुणाला दोष देत नाही. ती सोय माणसांनी स्वतःकडे ठेवलेली आहे.

सूतभरचा नियम एकच. शीट निवेपर्यंत खोलीत कुणी तोंड उघडायचं नाही. एकदा खुद्द विभागप्रमुख दार उघडून काहीतरी विचारू लागले, तर याने त्यांच्याकडे न बघताच “श्श” केलं. प्रमुखांनी मुकाट्याने दार लावून घेतलं. पुढे हा किस्सा ते स्वतःच्या नम्रतेचं उदाहरण म्हणून सांगत. ‘सूतभरचा मास्क चुकत नाही’ हे वाक्य नव्या माणसाला पहिल्याच आठवड्यात सांगितलं जाई, आग लागली तर कुठून पळायचं त्याच्या जोडीने.

घरात त्याची एवढी पत नव्हती. बायको मुद्रितशोधक होती, छापखान्याची प्रुफं घरी आणून तपासायची. चुका शोधण्याचा धंदा दोघांचाही, पण स्वभाव दोन टोकांचे. हा भिंतीवरचा फोटो सरळ करत उभा राहिला की ती मान वर न करता म्हणायची, “अहो, फोटो सरळ आहे. भिंत वाकडी आहे. आता भिंत सरळ करा.”

तिचं एक ठरलेलं वाक्य होतं. “प्रत्येक पुस्तकात एक चूक मी मुद्दाम राहू देते. नाहीतर पुस्तकाला दृष्ट लागते.”

“कुठली चूक?” तो विचारायचा.

“सांगितली तर तुम्ही छापखान्यात जाऊन सगळ्या प्रती खोडत बसाल.”

त्याला हे ऐकवत नसे. जाणूनबुजून चूक ठेवणारी बाई आपल्याच घरात आहे, हे त्याने विभागात कधी सांगितलं नाही.

त्यांची ओळखच एका चुकीतून झाली होती. बापाने केलेलं टेबल पोचवायला तो छापखान्यात गेला, तर टेबल तिथे डुगडुगायला लागलं. दोष फरशीचा होता, पण सुताराच्या पोराला ते बघवेना. हाताला लागेल तो कागद त्याने घडी करून पायाखाली सारला आणि गेला. तो कागद म्हणजे तिने तपासलेलं सदुसष्टावं पान. दिवसभर अख्खं ऑफिस त्या पानामागे लागलं, तिने बोलणी खाल्ली, आणि संध्याकाळी हा विसरलेला गुण्या, काटकोन तपासायचं सुताराचं हत्यार, न्यायला परत आला तेव्हा पानाचा पत्ता लागला. लग्नानंतर ‘सदुसष्टावं पान’ ही घरातली थट्टा झाली. चष्मा हरवला, किल्ली सापडेना, की तो विचारायचा, “सदुसष्टावं पान सापडलं का हो बाई?” आणि ती कितीही चिडलेली असली तरी तिला हसू यायचं. ते तिला आवडायचं नाही, म्हणून ती दाबायची.

तिचं स्तनाचं ऑपरेशन होऊन बरीच वर्षं झाली होती. इतकी, की आता विसरायला हरकत नाही असं दोघांनाही वाटू लागलं होतं. मग छापखान्यातून फोन आला. “बाई, हल्ली ओळींच्या कडेचे शब्द सुटतायत तुमच्याकडून.” तिने वयावर ढकललं. मग एका सकाळी तिने तांब्यातलं पाणी पेल्याच्या शेजारी ओतलं आणि पेला भरायची वाट पाहत राहिली. ते त्याने पाहिलं.

तपासणीत डोक्यात गाठ निघाली. डोळ्यांच्या नसा जिथे एकत्र येतात तिथे, नसेपासून दोन मिलिमीटरवर. डॉक्टर त्याच्याच विभागातले. वर्षानुवर्षं इतर नवऱ्यांना जे सांगत आले ते त्यांनी याला सांगितलं. “ऑपरेशनला तिथे जागा नाही. पाच शेक देऊ. गेलेली नजर परत येईल असं मी म्हणत नाही. उरलेली राखायची आहे. आणि उशीर करून चालणार नाही, गाठ थांबलेली नाही.”

हे सगळं त्याला पाठ होतं. पाठ असलेलं वाक्य समोरून आलं की लागतं की नाही, हे मात्र त्याला ठाऊक नव्हतं. लागतं.

स्वतःच्या माणसाचे शेक स्वतः चालवायचे नाहीत, असा विभागाचा दंडक. मास्कबद्दल दंडक गप्प होता, आणि बायको हट्टाला पेटली. “माझ्या तोंडावर परक्याचे हात नकोत. गुदमरून मारायचं तर घरच्या माणसाने मारावं.” डॉक्टर हसले आणि हो म्हणाले.

पलंगावर निजेपर्यंत ती धीट होती. वाफाळती शीट चेहऱ्याजवळ आली आणि तिने दोन्ही हातांनी ती उडवली. “नको नको. श्वास कोंडतो.” शीट पुन्हा टबात गेली. दुसऱ्या वेळी तिने डोळे मिटून घेतले, पण सगळं अंग थरथरत होतं. शीटचं दुसरं टोक धरून त्याची सहकारी उभी होती. कामाचा उरक दांडगा म्हणून तिला सगळे घाईबाई म्हणत. तिने डोळ्यांनीच ‘आज राहू दे का?’ असं विचारलं. त्याने मान हलवली. राहू द्यायला वेळच नव्हता.

तिसऱ्यांदा शीट चेहऱ्यावर बसली, आणि प्रमुखांना श्श करणारा हा माणूस तिच्या कानाशी वाकून म्हणाला, “सदुसष्टावं पान सापडलं का हो बाई?”

थरथर थांबली. तिला हसू आलं. पण हलायचं नाही, हे तिला आठवलं, म्हणून तिने ते दातांखाली धरलं आणि शीट निवेपर्यंत इमानाने धरून ठेवलं. लगेच त्याच मास्कमध्ये स्कॅन झाला. मास्क सोडवताना तो म्हणाला, “आजवरचा सगळ्यात चांगला.” स्वतःच्या कामाला त्याने चांगलं म्हणण्याची ती पहिलीच वेळ. त्यामुळे कुणी तपासून पाहिलं नाही.

पहिल्या शेकाला तो निळ्या खुर्चीवर बसला, शेजारी बायकोची थोरली बहीण. ताई मदतीला म्हणून आल्या होत्या आणि काळजी आवाजात काढायच्या. “भावोजी, एवढा वेळ लागतो?” “भावोजी, आत गरम होतं का हो?” अशा नातेवाइकांना तो एरवी हात दाखवून गप्प करायचा. आज हात कुणाला दाखवणार?

घाईबाई बाहेर आली. ती हळू चालत होती, त्यावरूनच त्याने ओळखलं. “दादा, वहिनी हलतायत.”

“ती हलणार नाही.”

“फोटोत मान कललेली आली. पलंगाने दुरुस्त केली, पुन्हा फोटो काढला, तर डोकं तिसरीकडेच. तीनदा केलं.”

मागोमाग फिजिसिस्टबाई आल्या. किरण कुठे किती पडणार याचं गणित त्यांच्याकडे, आणि त्यांनी मान डोलावल्याशिवाय बटण दाबलं जात नसे. “मास्क करताना काही वेगळं झालं होतं का?”

“नाही,” तो म्हणाला. आणि त्याला ते खरंच वाटत होतं. मास्क चुकत नाही, म्हणजे डोकं चुकतंय. हे तर्कशास्त्र त्यानेच विभागाला शिकवलेलं होतं.

बायको बाहेर आली तेव्हा कपाळावर जाळीची नक्षी उमटली होती. “झाला का शेक?”

“नाही झाला,” ताई म्हणाल्या. “हलतेस म्हणे. अगं, लहान का तू आता? जरा पडून राहता येत नाही?”

“मी नाही हलले.”

“मग काय ते मशीन खोटं बोलतंय?”

“मी नाही हलले, ताई.”

दुसऱ्या दिवशी तिला शांत राहण्याची गोळी दिली. त्याच्या पुढच्या दिवशी मानेखालचा आधार बदलला, पायांवर वाळूच्या पिशव्या ठेवल्या. फोटो तेच सांगत होते: मास्कमध्ये डोक्याला हलायला जागा आहे आणि डोकं ती वापरतंय. दरवेळी तिला पलंगावरून उठवून परत पाठवलं जाई. शाळेतून धडा न आल्याबद्दल घरी पाठवतात तसं. विभागात सगळे तिच्याशी फार गोड बोलायला लागले होते. त्याला त्या गोडव्याचा अर्थ माहीत होता. तो स्वतःही तसं बोलत असे.

घरी ती फरशीवर उताणी पडून न हलण्याचा सराव करू लागली. कपाळावर प्रुफांसाठीचा खोडरबर ठेवायची. “ताई, पडला तर सांग हं.” ताई खुर्चीत बसून खोडरबराकडे बघत राहायच्या. आयुष्यात इतका वेळ त्यांनी कुठल्याच गोष्टीकडे गप्प राहून बघितलं नव्हतं.

एका संध्याकाळी ती म्हणाली, “अहो, अंधार झाला. दिवा लावा ना.”

दिवा चालू होता. तो उठला, बटण बंद केलं, चालू केलं. “लावला,” म्हणाला.

“हं,” ती म्हणाली. “बरं वाटलं.”

दुसऱ्या दिवशी तो फिजिसिस्टबाईंच्या खोलीत गेला आणि आयुष्यात कधी न बोललेलं बोलला. “बाई, चालवून घ्या.”

“काय?”

“दोन मिलिमीटरचाच प्रश्न आहे ना? थोडं इकडे तिकडे. चालवून घ्या. मी सही देतो, तिची घेतो.”

बाईंनी चष्मा काढला. “दोन मिलिमीटरवर नस आहे. गाठ नजर घेईल की नाही हे आपल्याला नक्की माहीत नाही. इतक्या फरकाने शेक दिला तर मात्र ती मी घेतली असेल.”

“गाठ घेतेच आहे, बाई! काल तिला दिवा दिसला नाही.”

“परवा तुम्हीच एकाला मिलिमीटरभर फरकासाठी पलंगावरून उतरवलंत. त्याच्या मुलाने हात जोडले होते.”

“जोडले होते,” तो म्हणाला. आणि हात जोडले.

बाईंनी मान फिरवली. त्या कठोर नव्हत्या. कठोर असत्या तर हो म्हणणं सोपं गेलं असतं.

तो घरी आला तेव्हा ती फरशीवर पडलेली होती, कपाळावर खोडरबर. ताई डुलक्या घेत होत्या. तो दारातच उभा राहून बघत राहिला. बाहेर कुणाचं तरी भांडण झालं, मिटलं, कूकरच्या शिट्ट्या झाल्या. खोडरबर पडला नाही. छातीच तेवढी वरखाली होत होती, आणि गालावरून कानाकडे एक ओघळ जात होता; त्यानेही खोडरबर हलला नाही.

ही बाई हलत नाही. मग?

सकाळी विभागात जाऊन त्याने फळीवरून मास्क काढला आणि खिडकी नसल्यामुळे ट्यूबलाइटखाली धरला. इतके दिवस त्याने तो पाहिलाच नव्हता. स्वतःचा मास्क तो कशाला पाहील? गाल वर चढलेले. ओठांचे कोपरे आत ओढलेले. दातांवर दात, जबडा आवळलेला, आणि त्यासरशी हनुवटी आत वळलेली. पांढऱ्या जाळीत एक बाई हसू आवरत होती. मास्क बरोबर होता. कमालीचा बरोबर होता. फक्त तो ज्या चेहऱ्याचा होता, तो चेहरा आता तिच्याकडे उरला नव्हता.

त्याने फिजिसिस्टबाईंना जाऊन सांगितलं. काही न गाळता, सदुसष्टाव्या पानासकट. बाईंना हसू आलं नाही. “नवा मास्क, नवा स्कॅन, नवा आराखडा, मग त्याची तपासणी. कितीही धावलो तरी परवा.”

“आज तिला पुन्हा तसं करता आलं तर? दातांखाली? मास्क भरेल.”

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. “फोटो काढून बघायला हरकत नाही. जुळला तर देऊ. केसभर फरक असला तरी नाही.”

आतल्या खोलीत माणूस पलंगावर एकटा असतो; बाहेरून त्याच्याशी बोलायला माइक. त्या माइकवर सूतभर वर्षानुवर्षं दोनच वाक्यं बोलत आला होता: “हलू नका” आणि “झालं”. आज दंडक मोडून त्याला माइकपाशी उभं केलं. समोरच्या पडद्यावर ती, मास्कखाली, हात दोन्ही बाजूंना घट्ट.

“अगं, ऐक. मी बोलतोय.”

“तुम्ही? तुम्हाला कसं सोडलं?”

“सदुसष्टावं पान सापडलं का हो बाई?”

आतून बारीक आवाज आला, “सापडलं हो. कधीच.”

“हस ना जरा. पूर्ण नको. मास्क केला त्या दिवशीसारखं, दाताखाली.”

“हसायचं?”

“मास्क नीट बसतो त्याने.”

“बरं.” पडद्यावर ती काहीतरी करायला लागली. “असं?”

फोटो काढला. नाही.

“थोडं अजून. गाल वर घे.”

“असं? होतंय का हो?”

घाईबाई माइकजवळून बाजूला सरकली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. दुसरा फोटो. नाही.

“हसू येत नाही हो,” आतून आवाज आला. “मी करतेय. खूप करतेय. काहीतरी दुसरं सांगा ना.”

त्याने दुसरं सांगून पाहिलं. सासऱ्यांच्या छत्रीचं सांगितलं, ताईंच्या घोरण्याचं सांगितलं. ताई बाहेर होत्या म्हणून बरं. एका गंभीर खोलीत एक गंभीर माणूस माइकवर विनोद सांगत होता आणि बाकीची माणसं पडद्यावरच्या आकड्यांकडे बघत होती. आकडे हसले नाहीत. शेवटी फिजिसिस्टबाईंनी माइक बंद केला.

नवा मास्क घाईबाईने केला. तो बाहेर, निळ्या खुर्चीवर. दारापलीकडून टबातल्या पाण्याचा आवाज आला, मग काहीच नाही. खोलीत कुणी बोललं नाही. मास्क साधा झाला. दमलेला, ओठ सैल, गाल खाली. त्यात डोकं पहिल्याच फोटोला बसलं. पाचही शेक झाले, फरक अर्ध्या मिलिमीटरच्या आत. घाईबाई दर वेळी बाहेर येऊन सांगायची, “दादा, मस्त बसलं.” त्याला मस्त या शब्दाचा राग यायला लागला.

डॉक्टर म्हणाले, गाठ आवरली. नस मात्र गेली. डावा डोळा पूर्ण, उजव्याला खिडकी कुठे आणि भिंत कुठे एवढं कळतं. “आधी झालं असतं तरी काही सांगता आलं नसतं,” असंही म्हणाले. हे वाक्य डॉक्टर चांगुलपणाने बोलतात. त्यातून कुठलाच अर्थ निघत नाही, हाच त्याचा गुण.

छापखान्याने प्रुफं पाठवणं बंद केलं. सूतभर कामावर जातो. आता शीट टाकण्याआधी तो रुग्णाजवळ बसतो आणि सांगतो, “तुमचा नेहमीचा चेहरा करा.” बहुतेक जण गोंधळतात. नेहमीचा म्हणजे कुठला, हे कुणी आजवर विचारलेलं नसतं. तो वाट बघतो. त्यामुळे विभागाचं काम रेंगाळतं, आणि घाईबाई तक्रार करत नाही.

जुना मास्क त्याने फेकायला म्हणून घरी आणला होता. का आणला, कोण जाणे; कचऱ्याचा डबा विभागातही होता. ती टेबलाशी बसली होती. तो पिशवी ठेवायला गेला तर तिच्या हाताला जाळी लागली.

“काय हो हे?”

“काही नाही. जुना मास्क.”

तिने तो ओढून घेतला, दोन्ही हातांनी. कपाळावरून बोटं आली, नाकावरून उतरली, गालांवर थांबली. पुन्हा गालांवर गेली. ओठांच्या कोपऱ्यांशी बराच वेळ राहिली.

“मी हसतेय यात.”

“हो.”

“म्हणून बसत नव्हता?”

“हो.” मग तो उभा राहूनच सगळं बोलला. तू हलली नव्हतीस. एकदाही नाही. मी बोललो, माझाच नियम मी मोडला, आणि बाई विचारत होत्या तेव्हा नाही म्हणालो. सगळे तुला हलू नको म्हणत होते आणि मी ऐकत बसलो.

ती मास्क धरून बसली होती. खिडकीबाहेर काय आहे, ते तिला दिसत नसावं; तोंड मात्र बरोबर तिकडेच होतं.

“प्रत्येक पुस्तकात एक चूक मी मुद्दाम ठेवते, म्हणायचे ना मी?”

“हो.”

“मुद्दाम नव्हते हो ठेवत. मला दिसायचीच नाही ती. पुस्तक छापून आल्यावर दिसायची.”

तिने मास्क चाचपत टेबलावर ठेवला, त्याच्याकडे तोंड करून, थोडा वाकडा.

“आता बसा,” ती म्हणाली. “आणि सरळ करू नका त्याला.”